एक्केचाळिसावी ओळ

कामगार कोर्टातल्या खिडकीमागच्या मुलीने कागद फिरवून कमलाकरच्या समोर धरला आणि पेनाचं टोक उजव्या रकान्यात टेकवलं. एकोणीस वर्षांत त्या रकान्याकडे त्याने धड पाहिलं नव्हतं. इथले करारनामे असेच असतात, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे अरबी, मधे एक बारीक रेघ. ज्याने त्याने आपापली बाजू वाचावी आणि खाली सही ठोकावी, अशी आपली पद्धत. "सेव्हन डेज लेट, अंकल," मुलगी म्हणाली. चेहरा झाकलेला, वर चष्मा, आवाज मात्र अगदी शाळेतल्या वर्गप्रमुखाचा. कमलाकर समजुतीने हसला. चुकतेय बिचारी, असं त्याला वाटलं. "नो, नो. फोर डेज लेफ्ट," तो म्हणाला आणि डाव्या रकान्यातली तारीख त्याने बोटाने दाखवली. कंपनी बंद झाली तो दिवस, त्याला उद्या-परवा करत चार दिवसांनी वर्ष होणार. वर्षाच्या आत अर्ज केला की सगळं मिळतं, एकोणीस वर्षांच्या नोकरीचा शेवटचा हिशेब आणि अडकलेले चार पगार. हे त्याला पाठ होतं. गेलं वर्षभर तो हे वाक्य दात घासताना म्हणत आला होता. मुलीने पेन एक ओळ खाली नेलं. या करारातले दिवस, महिने आणि वर्षं हिजरी समजावीत, असं त्या ओळीत होतं म्हणे, आणि कोर्ट अरबीच धरतं. हिजरी वर्ष चंद्राचं. ते अकरा दिवसांनी लहान. म्हणजे कमलाकरचं वर्ष मागच्याच आठवड्यात पुरं झालं होतं, आणि त्या दिवशी तो घरात बसून पंख्याची पाती पुसत होता.

तिने त्याला अगदीच वाऱ्यावर सोडलं नाही. एक फॉर्म दिला. उशिराचं कारण लिहा, अरबीत, तीन ओळींत, दोन वाजायच्या आत आणून द्या. कारण पटलं तर न्यायाधीश दावा घेतील, मागची सगळी बाकी मिळेल, नाही पटलं तर खलास. हा शेवटचा शब्द तिने इतक्या सौम्यपणे उच्चारला की कमलाकरने "थँक यू" म्हटलं. मग तो हॉलमधल्या निळ्या खुर्चीवर जाऊन बसला. एसी अंगावर येत होता. समोरच्या पडद्यावर नंबर बदलत होते, आणि प्रत्येक नंबराला एक माणूस उठत होता, फायली सावरत, शर्ट ओढत. आपलाही नंबर येऊन गेला, ही गोष्ट त्याच्या मनात शिरायला बराच वेळ लागला. राग येईल असं त्याला वाटलं होतं. आला नाही. आली ती फक्त मरगळ, जेवण झाल्यावर ढीगभर भांडी दिसावीत तशी. अकरा दिवस. ते जातात हे काय त्याला माहीत नव्हतं? तो रियाधला आला त्या वर्षी दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आल्या होत्या. नव्या संसारात चकल्या तळायला सोऱ्या नव्हता म्हणून किशोरी रडकुंडीला आली होती आणि शेजारच्या इजिप्शियन बाईने खजुराच्या बिस्किटांचा डबा आणून दिला होता. पुढे रमजान मागे मागे सरकत गेला, ऑगस्टच्या भाजणीत आला, जूनमध्ये आला, एप्रिलमध्ये आला, आणि आता होळीला येऊन टेकला. ऑफिसात त्या महिन्याच्या पगाराचं गणित तोच करायचा. सगळं डोळ्यांदेखत सरकत होतं. पण ते त्यांचं, असा त्याचा हिशेब. आपलं वर्ष भिंतीवरच्या कॅलेंडरवर खिळ्याला टांगलेलं आहे, ते कुठे जातंय, असं तो धरून चालला होता.

आपल्याकडेही महिने चंद्राचेच. पण आपल्याकडे ते चुकार दिवस कुणीतरी गोळा करून ठेवतं आणि तिसऱ्या वर्षी अख्खा महिना परत देतं. किशोरीची आई पेणला अधिक महिन्यात त्याला पाटावर बसवून तेहतीस अनारसे द्यायची, चांदीच्या निरांजनासकट. तो कसानुसा होऊन म्हणायचा, एवढे कशाला. "घ्या हो, तुमचेच आहेत," सासूबाई म्हणायच्या. तुमचेच आहेत. आयुष्यात तेवढी एकच मागची बाकी त्याला न मागता मिळाली असेल. एरवी मागणं हा प्रकार त्याला जमलाच नाही. वडील गावात कुणाच्याही कार्यात वाढायला उभे राहायचे, कमरेला उपरणं खोचून, आणि पंगत उठेपर्यंत घोटभर पाणीही प्यायचे नाहीत. वाढणाऱ्याने आधी बसायचं नाही, हे त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. पण शेवटच्या पंगतीत तळाचा कोरडा भात आणि आमटीचं पाणी जेवणारे वडील कमलाकरने पाहिले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं ते समाधान. त्या समाधानाचा त्याला पुढे पुढे संशय यायला लागला. पण तोवर सवय लागली होती. इथेही मराठी मंडळी शुक्रवारी शहराबाहेर एखादी इस्तिराहा, म्हणजे बागेतला बंगला, भाड्याने घेऊन जमली की वरणाची बादली कमलाकरच्या हातात. "तुम्ही बसा, मी नंतर बसतो." त्याच्यापर्यंत श्रीखंड पोचल्याचं किशोरीला तरी आठवत नव्हतं, आणि ती हे चारचौघांत बोलून दाखवायची.

फोन थरथरला. किशोरीचा होता. ती हॉस्पिटलच्या लॅबमधून बोलत होती, मागे कुठलंतरी यंत्र घरघरत होतं. "अहो, झालं का?"

"होतंय. एक फॉर्म भरायचाय."

"परत फॉर्म? सगळं नेलंत ना बरोबर? इकाम्याची कॉपी?"

"नेलंय गं."

"ईशाच्या कॉलेजचा मेल आलाय पुन्हा. आठ तारखेच्या आत पैसे भरले नाहीत तर सीट जाते म्हणतायत. मी माझ्या पगारातून किती ओढू, सांगा तुम्हीच." तिला तसं बोलल्याचं वाईट वाटलं असावं, कारण मग ती आवाज उतरवून म्हणाली, "जेवलात का काही?"

जेवला नव्हता. जेवलो म्हणाला. सात दिवसांचं काही बोलला नाही. गेलं वर्ष घर तिच्या पगारावर चाललं होतं आणि त्याचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, तिच्याच इकाम्यावर चढवलेला होता. हुद्द्याच्या जागी आता 'मुराफिक' लिहिलेलं, म्हणजे सोबत आलेला. बाईमाणसाच्या सोबतीला आलेला. किशोरीने त्यावरून त्याला एकदाही टोचलं नव्हतं, आणि ती टोचत नाही हेच त्याला फार टोचायचं. ईशाचा मेसेज येऊन पडला होता, 'बाबा, डन?' आणि पुढे एक पिवळा चेहरा. मुलीला दोन शब्दांवर तिसरा लिहायला जड जातं. ऑगस्टमध्ये ती पुण्याला जाणार होती, आर्किटेक्ट व्हायला. जन्म इथला, आजवर पुणं तिने फक्त मे महिन्यात पाहिलेलं. त्याने फोन खिशात ठेवला.

कारण लिहायचं होतं. तीन ओळी. आजारी होतो म्हणावं, तर कागद नाहीत. माहीत नव्हतं म्हणावं, तर ते सरळसरळ खोटं, कारण वर्षाची मुदत या रियाध शहरात कमलाकरइतकी कुणाला माहीत असेल? ओलाया भागात टॉवरच्या अकराव्या मजल्यावर कंपनीचं ऑफिस होतं, तिथे पगार आणि देणी हाच त्याचा विभाग होता. कंपनी बुडतेय हे त्यालाच पहिल्यांदा दिसलं. मालक अबू रय्यान, अतिशय मृदू माणूस, प्रत्येक वेळी उठून उभा राहणार, कॉफी स्वतः ओतणार आणि म्हणणार, कमल, माझ्या भावा, ईदनंतर. ईद झाली. मग त्याने कमलाकरला सगळ्यांच्या देण्यांची यादी करायला सांगितली. चाळीस माणसं. कुणी तबूकच्या साइटवर, कुणी सुट्टीवर केरळात. कमलाकरने तीन आठवडे खपून एकेकाची बाकी काढली, तबूकवाल्यांना फोन करकरून कागद पाठवले, अर्ज लवकर करा म्हणून ओरडला. चाळिसाव्या ओळीखाली त्याने ४१ हा आकडा घातला आणि पुढची जागा रिकामी ठेवली. स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने लिहायचं, आकडा काढायचा आणि मालकापुढे सहीला धरायचं, हे त्याच्याने होईना. मालक वाचेल, विचारेल, अरे कमल, तुझं? मग लिहू. मालकाने वाचलं नाही. कॉफी ओतता ओतता सही केली. चाळीस जणांच्या पंगतीत वाढप्याचं पान मांडायचं राहून गेलं, एवढंच झालं. आणि याला कारण म्हणतात का?

आणि हेही पूर्ण खरं नव्हतं. लोकांनी दावे केले तेव्हा सुनावण्या व्हिडिओवर झाल्या, आणि कंपनीच्या बाजूने कागद घेऊन कोण बसायचं? कमलाकर. बिनपगारी. मालकाने गळ घातली, नाही म्हणवेना. एका चौकोनात कालपर्यंत शेजारी डबा खाणारा माणूस, दुसऱ्यात अधिकारी, तिसऱ्यात इस्त्रीचा शर्ट घातलेला कमलाकर, खाली लुंगी. सगळ्यांचं कबूल करत गेला. फक्त एकाचं केलं नाही. हुसेनमियाँ, दाभोळकडचा, कंपनीचा ड्रायव्हर. तो कंपनी बंद व्हायच्या आधीच नोकरी सोडून गावी गेला होता, आणि दोन वर्षांच्या शुक्रवारच्या फेऱ्यांचा ओव्हरटाइम मागायला चौदा महिन्यांनी परत आला. वहीत प्रत्येक फेरी लिहिलेली. अधिकाऱ्याने विचारलं, कंपनीचं काय म्हणणं? कंपनीच्या वकिलाने आदल्या दिवशी शिकवून ठेवलं होतं. कमलाकरने डाव्या रकान्यातलं वाक्य वाचून दाखवलं, मुदत संपलेली आहे. आवाज थोडासुद्धा कापला नाही. हुसेनमियाँ पडद्यात नुसता बघत राहिला, फोन हातात धरलेला, त्यामुळे त्याचं अर्धंच तोंड दिसत होतं. मग यादीतल्या सतराव्या ओळीवर रेघ मारली गेली. ती मारतानाही कमलाकरने पट्टी वापरली होती.

त्याच हुसेनमियाँकडे आता जायचं होतं. दुसरं कोण? रस्त्यापलीकडे फॉर्म टाइप करून देणाऱ्यांची दुकानं होती, त्यातल्या एकात हुसेनमियाँ आपल्या चुलतभावाच्या जागी बसतो, हे त्याला ऐकून माहीत होतं. सकाळी गाडीतून उतरतानाच त्याने ती बाजू टाळली होती. बाहेर उन्हाने डोळे मिटत होते. रस्ता ओलांडताना त्याला वाटलं, हुसेनमियाँ आज नसला तर बरं. मग वाटलं, असला तर बरं. दोन्ही खरं होतं.

तो होता. दाढी पूर्ण पांढरी झालेली, चष्म्याला दोरी, समोर कीबोर्ड. त्याने कमलाकरला पाहिलं, ओळखलं, आणि समोरच्या गिऱ्हाइकाचं काम आटोपेपर्यंत थांबवून ठेवलं. मग म्हणाला, "बसा साहेब. पानी पिवा आधी. तोंड किती उतरलाय तुमचा."

कमलाकर पाणी प्यायला. मग सगळी फाईलच त्याच्यापुढे ठेवली. हुसेनमियाँने करारनामा घेतला आणि उजव्या रकान्यापासून वाचायला लागला, बोट ओळीखालून सरकवत, ओठ किंचित हलवत, लहानपणी मदरशात शिकलेल्या लयीत. त्याच अक्षरांवर हा माणूस बावीस वर्षं या देशात गाडी चालवत आला होता. पाट्या, पावत्या, दंडाच्या चिठ्ठ्या. कमलाकर त्याला रजेचे फॉर्म इंग्रजीत भरून द्यायचा आणि मनातल्या मनात अडाणी समजायचा.

"हिजरी लिवलाय इथं. सरळ लिवलाय."

"मी वाचलं नाही."

"रमजान, ईद सगला आमचा तुमाला ठावं असायचा. सुट्टीचा बोर्ड तुमीच लावायचे." हुसेनमियाँच्या आवाजात टोमणा नव्हता, नवल होतं. मग तो थोडा हसला. "पन एक बघा. वरीस त्यांचा धरला तर नोकरीपन त्यांच्याच वर्सांनी मोजायला पायजे. एकोनीस नाय होत मग. साडेएकोनीसच्या वर जातंय. सात म्हैने जास्ती पडलं तुमाला."

कमलाकरने मनात आकडा करून पाहिला. बरोबर होता. एकोणीस वर्षांतले ते चुकार दिवस एकत्र केले तर सात महिन्यांच्या आसपास होतच होते. कुणीतरी ते गोळा करून ठेवले होते आणि त्याला पत्ताच नव्हता. त्याला एकदम सासूबाईंच्या चांदीच्या निरांजनाची आठवण आली. सात दिवसांपलीकडे ते सात महिने ठेवलेले, आणि हात पुरत नव्हता.

हुसेनमियाँ पानं उलटत होता. यादी आली. सतराव्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. रेघ सरळ होती. त्याने ती पाहिली, आपलं नाव तिच्याखालून वाचलं, आणि बोट पुढे नेलं. कमलाकरला वाटलं की काहीतरी बोलावं, आणि जे जे सुचलं ते सगळं कंपनीच्या पत्रासारखं होतं. बोट तळाशी पोचलं. "ह्या एक्केचालीस कुनाचा? नंबर घातलाय न् नाव नाय."

"माझा."

"मग घाला की नाव. खाली शेठची सही हाय, जागा रिकामी हाय. मालकाने कबूल केला म्हनजे मुदतीचा लफडाच नाय ऱ्हात." त्याने पेन पुढे केलं. "कोन बघतंय?"

पेन कमलाकरच्या हातात आलं. साधं निळं पेन. नाव लिहायला किती वेळ लागतो? ईशाची सीट, किशोरीचा उतरलेला आवाज, इकाम्यावरचा तो शब्द, सगळं त्या दीड इंचाच्या पांढऱ्या जागेत मावत होतं. सही आधीची, नाव नंतरचं. शाई कोण तपासणार आहे? त्याने पेन टेकवायला हात नेलाही. आणि त्याच्या लक्षात आलं की आत्तासुद्धा त्याला लाज खोट्याची वाटत नव्हती. स्वतःचं नाव लिहायची वाटत होती. या शोधाने तो इतका थकला की त्याने पेन खाली ठेवलं.

"नको. जे झालं ते लिहा. कारणाच्या खान्यात."

"काय झाला मग?"

कमलाकर सांगत गेला. मराठीत, आडवंतिडवं. यादी, कॉफी, रिकामी ओळ, तबूकचे फोन, सुनावण्या. दुसऱ्यांचं होईपर्यंत आपलं मागायचं नाही असं वाटलं, मग मागायची लाज वाटली, मग लाज वाटल्याची लाज वाटली, आणि शेवटी दिवस उरलेत उरलेत करत वर्ष गेलं. हे त्याने किशोरीलाही कधी सांगितलं नव्हतं. हुसेनमियाँ ऐकत होता, मधेच टाइप करत होता. एवढ्या सगळ्याची अरबीत दोनच ओळी झाल्या. त्याने त्या मराठीत वाचून दाखवल्या. "अर्जदाराच्या हाती कामगारांचा हिशेब व्हता. चालीस जनांना त्यांचा हक मिलेपर्यंत त्यानं आपला मागितला नाय, म्हनून उशीर झाला. बरा वाटतंय? जज्ज लोकांना असा आवडतो."

बरं वाटत होतं. फारच बरं वाटत होतं. वडिलांच्या चेहऱ्यावरचं ते समाधान अरबीत लिहिल्यासारखं. कमलाकरने टेबलाची कडा बोटांनी धरली. "चाळीस नाही," तो म्हणाला. "एकोणचाळीस लिहा."

हुसेनमियाँचे हात कीबोर्डवर थांबले. "यादीत चालीस हायत. ते ताडून बघतील. मग इचारतील, एकाचा काय झाला. तुमच्यावरच येल साहेब."

"येऊ दे." मग तो म्हणाला, "तेव्हा तुम्ही का उशिरा आलात, हुसेनमियाँ? मी विचारलंच नाही."

"हफीजा व्हती आजारी. घरवाली. डेरवनला इस्पितलात नेऊन ठेवलेली. मग गेली." हे त्याने पडद्याकडे बघतच सांगितलं. "तिचा चालीसवा दिस केला, मग निघालो. कागद नव्हतं माझ्याकडं. मानूस मरताना पावत्या कोन ठेवतंय."

बाहेर कुणीतरी "यल्ला, यल्ला" करत हॉर्न वाजवत होतं. हुसेनमियाँने चष्मा पुसला, चाळीसचा आकडा खोडला, एकोणचाळीस घातला, आणि कागद छापून त्याच्या हातात दिला. अजून गरम होता. "पंधरा रियाल," तो म्हणाला. कमलाकरने वीसची नोट दिली, राहू द्या म्हणाला. हुसेनमियाँने पाच रियाल मोजून परत केले.

दोनला दहा मिनिटं कमी होती. खिडकीवर तीच मुलगी होती. तिने कारण वाचलं, मग यादी ओढून घेतली आणि पेनाने एकेक ओळ मोजत गेली. सतराव्या ओळीपाशी तिचं पेन घुटमळलं. "यादीत चाळीस आहेत, अंकल," ती इंग्रजीत म्हणाली. "तुम्ही एकोणचाळीस लिहिलंय. चूक झाली का? दुरुस्त करून घ्या, अजून वेळ आहे."

"चूक नाही," कमलाकर म्हणाला. "एकाला उशीर झाला होता. तोही माझ्यासारखा कारण घेऊन आला होता." त्याला पुढचं इंग्रजीत पटकन जमेना. मग जमलं. "ते कारण मी घेतलं नाही."

मुलीने चष्म्यातून त्याच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. मग हिजरी आणि इंग्रजी, दोन्ही तारखांचा शिक्का मारला, कागद ट्रेमध्ये टाकला आणि पुढचा नंबर दाबला.